हलबला पत्र, बिनसाखरेच्या दुपारी

घरातला माणूस प्रवासात असताना कॉफी बिनसाखरेची करायची नसते, एवढं साधं माझ्या सुनेला कळत नाही. शाळेत अरबी शिकवते, पोरांच्या वह्यांत लाल पेनानं चुका काढते, आणि माझ्यापुढे काळीशार कडू कॉफी आणून ठेवते. तीही आज.

आमच्या हलबमध्ये तशी कॉफी मयताच्या घरी देतात. नकाशावाले त्याला अलेप्पो म्हणतात, म्हणोत. लोक येतात, कडू घोट घेतात, गेलेल्यासाठी दुवा मागतात आणि उठतात. बाकी कुठल्याही कॉफीत, अगदी भांडायला आलेल्या शेजारणीच्या कॉफीतसुद्धा, साखर पडतेच.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"कॉफी, खालती."

खालती म्हणजे मावशी. सासूला तोंडावर सासू म्हणायची आमच्यात रीत नाही. मावशी म्हणायचं, आणि मनात काय म्हणतात ते त्यांचं त्यांना ठाऊक.

"साखर?"

"डॉक्टरांनी तुमची बंद केलीय."

"डॉक्टर इथला. त्याला काय माहीत नबील कुठे गेलाय ते."

मी उठले आणि कप सिंकमध्ये उलटा केला. सौसन बघत राहिली. भांडली नाही. ती भांडली नाही म्हणूनच मला जास्त धास्ती वाटली.

नबील माझा मुलगा, तिचा नवरा. उजाडायच्या आत इथून, तुर्कस्तानातल्या अँतेपहून, सरहद्दीच्या गाडीत बसला. लढाईपायी इतकी वर्षं बंद असलेला रस्ता उघडलाय आणि आमच्यातलं कुणी ना कुणी रोज आपलं घर बघायला जातंय. आमचं घर उभं आहे का, उभं असेल तर राहण्यासारखं आहे का, उन्हाळ्यात पोरींची शाळा संपली की परत जायचं का, हे सगळं त्याच्या डोळ्यांनी ठरायचं होतं. म्हणाला, "दुपारच्या अजानपर्यंत घरातून फोन करतो, आई." निघताना वाकून माझा हात कपाळाला लावला. मी म्हटलं, "तू मला पुरशील रे." आमच्या आया लेकरांना लाडानं असंच म्हणतात. तू मला पूर, मी तुला नाही. तो भाजी आणायला निघाला तरी मी म्हणते. आज म्हटलं आणि वाटलं, आज म्हणायला नको होतं.

दुपारची अजान झाली. फोन नाही. मी लावला तर एक बाई तुर्कीत काहीतरी सांगून गप्प झाली.

आणि सौसन टेबलाशी बसून पत्र लिहीत होती. कुणाला, तर हलबला. त्यांच्या शाळेत शुक्रवारी बायकांचा कार्यक्रम होता, प्रत्येकीनं आपल्या शहराला पत्र लिहून आणायचं आणि माइकवर वाचायचं. नवरा तिकडे, आणि ही इकडे शहराला पत्र लिहितेय.

"वाच तरी, काय लिहिलंस," मी म्हटलं. फोनकडे बघत बसण्यापेक्षा ते बरं.

तिनं वाचलं. "प्रिय हलब, तुझ्या दगडांचा रंग अजून माझ्या तळहातावर आहे. तू माझी पहिली कविता होतीस. जे माझं होतं ते तू ठेवून घे, आणि मला माफ कर."

वाचते चांगली. तिचा आवाज ऐकूनच नबीलनं तिला मागणी घातली होती. पण मी म्हटलं, "हे पत्र नाही. हा फातिहा आहे. नुसता थडग्यावर उभं राहून म्हणायचा बाकी आहे."

"खालती, भावना आहे ती."

"जे माझं होतं ते ठेवून घे, म्हणजे काय? तुझं आत्ता तिथं काय आहे? तुझा नवरा आहे. खोड ते."

"तसा अर्थ नाही त्याचा."

"अर्थ तू लावशील. शब्द ज्याच्या कानावर पडायचा त्याच्या पडतो. खोड."

तिनं खोडलं नाही. पेनाचं टोपण लावलं.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरची उम्म फायज, म्हणजे फायजची आई, आली. ती हलबमधल्या आमच्याच गल्लीपलीकडची. ही बाई कोथिंबीर मागायला येते आणि बातमी देऊन जाते.

"नबीलचा फोन आला?"

"येईल."

"इन्शाअल्लाह. नाही, म्हणजे माझ्या जावेचा पुतण्या गेला होता ना गेल्या आठवड्यात. इतक्या वर्षांनी स्वयंपाकघरातलं कपाट उघडलं बिचाऱ्यानं, तर आत कुणीतरी सुरुंगाला तार बांधून..."

मी तिच्याकडे पाहिलं. ती थांबली.

"कोथिंबीर फ्रिजमध्ये आहे," मी म्हटलं. "घे आणि जा. दार ओढून घे."

ती गेली. तिथल्या माझ्या स्वयंपाकघरात चार कपाटं होती. हिरवा रंग मीच निवडला होता. एकाचं दार अडकायचं, जोरात ओढावं लागायचं. नबीलला ते माहीत आहे. तो ते जोरात ओढेल.

सौसन पेनाचं टोपण काढत होती, लावत होती. मी बघितल्यावर पेन मांडीवर घेतलं.

"सकाळपासून मनात एकच येतंय," ती खाली बघून म्हणाली. "घर पडलेलं असू दे. म्हणजे जायचा प्रश्न नको. आणि असं मनात आलं म्हणून तो परत नाही आला तर?"

मी फोन उचलून पाहिला आणि उपडा ठेवला.

"मला नाही जायचं, खालती. पोरी तुर्कीत स्वप्नं बघतात. तुम्हाला बाबाआन्ने म्हणतात, आजीसाठी अरबी शब्द मला त्यांना शिकवावा लागतो. त्यांना तिथं नेऊन मी काय दाखवू? माफी मागितलीय पत्रात, ती त्याचीच."

म्हणजे तो निरोप होता. माझ्या टेबलावर, माझ्या देखत, ती माझ्या शहराचा निरोप घेत बसली होती आणि सुंदर अक्षरात घेत होती. मला चीड आली पाहिजे होती. आली पण. पण तिच्या मांडीवर ते टोपण अजून उघडत-मिटत होतं, आणि फोन टेबलावर उपडा पडला होता, तो मी सुलटा केला.

"दुसरा कागद घे," मी म्हटलं. "मी सांगते ते लिही. माझ्या नावानं."

"काय लिहू?"

"लिही. हलब, मी उम्म नबील. तुझं पाणी एक दिवस यायचं आणि दोन दिवस गायब व्हायचं, ते मी विसरले नाही. तुझ्या कोपऱ्यावरचा भटारी मला नेहमी करपलेली रोटी द्यायचा, कारण मी त्याच्या बहिणीला नबीलसाठी नाकारलं होतं."

सौसननं मान वर केली. "खरंच?"

"मोठी चांगली मुलगी होती. कॉफीत साखर घालायची. लिही पुढे. तुझ्याबद्दल मी कुणाकडे वाईट बोलले नाही, आणि तुझ्याकडून काही मागितलंही नाही. आज मागते. माझा मुलगा तुझ्याकडे आलाय. निळा शर्ट आहे, डाव्या पायानं जरा लंगडतो, तुझ्याच जिन्यावरून पडला होता लहानपणी. त्याला कपाटं उघडू देऊ नकोस. जेवू घाल. आणि अंधार पडायच्या आत परत पाठव. एवढं केलंस तर आपला हिशोब मिटला. नाही केलंस तर..."

"नाही केलंस तर?" तिनं विचारलं. पेन कागदावर टेकलेलं होतं.

मी पेन तिच्या हातातून काढून घेतलं आणि टोपण लावलं.

उन्हं खिडकीतून सरकून भिंतीवर गेली. पोरी शाळेतून आल्या, खाऊन खाली खेळायला पळाल्या. असरची, तिसऱ्या प्रहरची अजान सुरू झाली, आणि तिच्यातच फोन वाजला. सौसननं उचलला, तिचा चेहरा बघूनच मी समजले, नबीलच. तिनं फोन माझ्या कानाशी धरला. आधी मला दिला. हे मी लक्षात ठेवलंय.

"आई, फोनची बॅटरी संपली होती. भटाऱ्याच्या जनरेटरवर लावलाय."

"अंगावर काही...?"

"काही नाही. धडधाकट आहे."

"घर?"

"आहे. मागची खोली नाही. बाकी आहे. आई, आत माणसं राहतात."

"कोण माणसं?"

"पूर्वेच्या खेड्यातली एक बाई, तीन पोरं. नवरा गेलाय. त्यांचं गावच उरलेलं नाही. मी दार वाजवलं, आपलंच दार, आणि तिनं उघडलं. मी कोण ते सांगितल्यावर पांढरी पडली. मग म्हणाली, घरधनी आलात, बसा. जेवायला घातलं. मसूर-भात. तुझ्या मोठ्या पातेल्यात."

"कांदा कसा तळला होता?"

"जरा करपला होता."

"हं. मग तू काय म्हणालास तिला?"

"काय म्हणणार. म्हटलं, मी नुसता बघायला आलोय." त्याचा आवाज बारीक झाला. "तू सांगशील तसं करतो, आई. आपल्याकडे घराचे कागद आहेत. सांग, मी परत वर जातो."

सौसन माझ्यासमोर उभी होती. सगळं ऐकू येत होतं तिला.

"कॉफी दिली तिनं?" मी विचारलं.

"दिली."

"साखर होती?"

"होती. डब्याचा तळ खरवडून घातली, मला आवाज ऐकू आला. पोरं बघत होती."

मी डोळे मिटले. ते अडकणारं हिरवं दार. त्यामागेच साखरेचा डबा असायचा माझा. म्हणजे ते दार ती रोज ओढते.

"परत वर जाऊ नकोस," मी म्हटलं. "सूर्य बुडायच्या आत सरहद्द ओलांड. तू मला पुरशील, ऐकतोयस ना?"

"हो आई."

फोन ठेवला. सौसन गॅसकडे वळली होती, हातात कॉफीचं भांडं, गालावरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. तिनं साखरेचा डबा काढला आणि माझ्याकडे पाहिलं.

"भरपूर घाल," मी म्हटलं. "डॉक्टर मेला इथला. आणि ऐक. त्या बाईला त्या घरात राहू दे, तिला साखर कधी घालायची ते कळतं. तू राहा इथं माझ्याजवळ. तुला शिकवायचं अजून बरंच राहिलंय."