परतीची मुदत

मेणाच्या हिरडीत तिने पुढचा दात बसवला, चिमट्याने तो जरासा आत ढकलला, आणि तेवढ्यात एप्रनच्या खिशातला फोन थरथरला. बोटं मेणाने माखलेली होती. तरी राहवेना, म्हणून करंगळीने तिने फोन कसाबसा वर ओढला. ‘आपण दिलेले पुस्तक परत आले आहे,’ एवढाच निरोप होता. कोणाकडून आलं, वाचलं की नाही, आवडलं की नाही, काही नाही. तिने फोन पुन्हा खिशात सरकवला आणि घट्ट झालेलं मेण मऊ करायला स्पिरिटचा दिवा लावला.

कवळ्या तयार करणाऱ्या त्या लॅबमध्ये ती गेली कित्येक वर्षं काम करत होती. समोरच्या फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असत. दिवसभर एवढी तोंडं तिच्यासमोर आ वासून बसलेली, पण त्यातलं एकही तिच्याशी बोलणारं नव्हतं. हा विनोद तिचा स्वतःचाच होता. नवरा होता तेव्हा तो दर वेळी नव्याने हसायचा. आता तो विनोद ती मनातल्या मनात करायची आणि पुढच्या कामाला लागायची.

पुस्तक परत आलं होतं ते तिच्या कॉलेजातल्या मैत्रिणीकडून. संध्याकाळी तिने मुद्दाम फोन केला. मैत्रीण घाईत होती. दोन पानांपुढे काही जाणं झालं नाही, असं तिने मोकळेपणाने सांगून टाकलं. वर म्हणाली, बरं झालं बाई, आपोआप गेलं, परत करायची आठवण ठेवायला नको. नवीन काही असलं तर पाठव हं, असंही म्हणाली आणि फोन ठेवला.

ती पाठवणार होतीच. नवऱ्याच्या पश्चात मोठं घर सोडून ती या दोन खोल्यांत आली, तेव्हा कपाटभर पुस्तकं वाटून टाकावी लागली होती. भाचीने हे वाचायचं यंत्र आणून दिलं आणि त्यातली पुस्तकं दुसऱ्याला वाचायला कशी द्यायची तेही शिकवलं. नाव निवडायचं, बटण दाबायचं. पुस्तक पंधरवडाभर त्या माणसाकडे राहतं, तोवर आपल्याकडे ते उघडत नाही, आणि मुदत संपली की आपल्या पायांनी घरी येतं. पहिले काही दिवस तिला अगदी हुरूप आला होता. भावजयीला, मैत्रिणीला, लॅबच्या डॉक्टरीणबाईंना, सगळ्यांना तिने पुस्तकं दिली. आपल्या यंत्रातलं एखादं पुस्तक बंद दिसलं की तिला बरं वाटायचं, कोणाच्या तरी घरी आपलं काहीतरी आहे म्हणून.

पण हळूहळू तिच्या लक्षात आलं की पुस्तकं परत येतात, माणसं येत नाहीत. पूर्वी पुस्तक नेणारा दोनदा यायचा, एकदा न्यायला आणि एकदा द्यायला. कोणी वर्षवर्ष दडपून ठेवायचं, कोणी कोपरे दुमडून आणायचं. ती कुरकुरायची, तोंड वाकडं करायची. पण पुस्तक देताघेता तास कसा जाई कळत नसे, आणि निघतानाही दारात उभं राहून अर्धी कादंबरी बोलून व्हायची. तेव्हा ते सगळं तिला कटकटीचं वाटलं होतं, याचं आता तिला वाईट वाटे.

त्या रविवारी दुपारी बेल वाजली, तेव्हा कुरिअरवाला असेल असं समजून ती चष्मा शोधतच दाराशी गेली. दारात नणंद उभी होती.

नणंद तिच्यापेक्षा बरीच मोठी. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली, एकटी राहणारी, शहराच्या दुसऱ्या टोकाला. दुसऱ्याची सुईसुद्धा घरात रात्रभर ठेवायची नाही, असा तिचा खाक्या. भाऊ असताना ती महिन्यातून एकदा यायची. भाऊ गेल्यावर ते येणं हळूहळू बंद झालं. भांडण नव्हतं, अबोलाही नव्हता. कारण नसताना कोणाच्या घरी जाणं तिला जमत नसे, इतकंच. पंधरवड्यापूर्वी एका लग्नात भेट झाली तेव्हा पुस्तकांचा विषय निघाला, आणि तिने बोलायचं म्हणून एक कादंबरी नणंदेच्या टॅबलेटवर पाठवून दिली होती. नंतर ती विसरूनही गेली होती.

नणंद आत येऊन खुर्चीच्या कडेवर बसली. दाराशी काढलेली चप्पल नवी कोरी होती, केस चापूनचोपून बसवलेले. पिशवीतून तिने जुन्या मऊ टॉवेलात गुंडाळलेला टॅबलेट काढला आणि दोन्ही हातांनी पुढे केला.

“तुझं पुस्तक. मुदत संपतेय असं त्यात आलं होतं. म्हटलं, वेळेत द्यावं.”

चहाचं पाणी चढवून ती तशीच बाहेर आली होती. नणंद टॉवेलाची घडी घालत म्हणाली, “दोनदा वाचलं. पण ती मधली बहीण शेवटी घर सोडून जाते ना, ते मला काही…”

“अहो ताई, एवढ्यासाठी दोन बस बदलून आलात?” तिला हसू आवरेना. “हे आपोआप परत येतं. आणायला लागतच नाही. हे बघा.”

तिने टॅबलेट घेतला, चटकन दोन ठिकाणी बोट टेकवलं. पडद्यावरचं मुखपृष्ठ नाहीसं झालं. तिच्या हाताला सवय होती, नीट न बसलेला दात ती याच सफाईने उपटून काढी.

“गेलं?”

“गेलं. झालंसुद्धा.”

नणंदेने टॅबलेट परत घेऊन टॉवेलात गुंडाळला.

“म्हणजे यायचं काही कारण नव्हतं,” ती म्हणाली.

तसं नाही हो, चहा टाकलाय, बसा ना, असं ती बरंच काही म्हणाली. पण नणंद उठली होती. उशीर केला तर बस चुकेल म्हणाली, आणि रेलिंगला धरत, एकेक पायरी बघत जिना उतरून गेली.

स्वयंपाकघरात पाणी आटत आलं होतं. गॅस बंद करून ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि मग कुठे तिच्या लक्षात आलं. नवी चप्पल घालून आली होती ती. दोनदा वाचून आली होती. मधल्या बहिणीबद्दल तिला काहीतरी बोलायचं होतं, आणि आपण तिला बटण दाखवलं. मैत्रीण आपल्याला जे बोलली तेच आपण हसत हसत तिला बोललो. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

आठवडाभर तिचं मन तिला खात राहिलं. फोन करावा, तर म्हणायचं काय? दुसरं पुस्तक पाठवावं, तर तेही बिनबोभाट जाईल आणि बिनबोभाट परत येईल. लॅबमध्ये तिने एका कवळीत दात उलटसुलट बसवले, आणि डॉक्टरीणबाईंनी तब्येत बरी आहे ना म्हणून विचारलं. शेवटी पुढच्या रविवारी तिने घराला कुलूप लावलं आणि बस पकडली. दुसरी बस यायला पुष्कळ वेळ लागला. काय बोलायचं ते तिने वाटेत चांगलं जुळवून ठेवलं होतं.

नणंदेने दार उघडलं आणि जुळवलेलं सगळं हवेत विरून गेलं. नणंद घरातल्याच साध्या कपड्यांत होती. मागे टेबलावर एकच कप होता.

“तू? काय गं, सगळं ठीक ना?”

“ताई, ते पुस्तक,” ती म्हणाली. “माझ्याकडे अजून आलंच नाही.”

खोटं बोलायची सवय नव्हती, कानाच्या पाळ्या तापल्या. नणंदेने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. पुस्तक नाहीसं होताना तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

“आलं नाही?”

“नाही.”

नणंद दारातून बाजूला झाली.

“इथेच असेल कुठेतरी,” ती म्हणाली. “ये आत. शोधायला वेळ लागेल.”