आधी तुम्ही

मी एक जुनी लिफ्ट आहे, मित्रांनो. मित्र म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणते. माझ्या कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या तुम्हीच मारल्यात.

जन्म कारखान्यात. नोकरी लखनौला, विकास नगरातल्या सरकारी क्वार्टर्समध्ये. पहिल्या दिवशी नारळ फोडला. कौतुक संपलं.

आता मुद्द्याचं.

पहिल्या मजल्यावरच्या दाराचं लॉक झिजलं होतं. मी तिथे नसतानाही ते दार उघडायचं. तपासणीला आलेल्या देवदत्त इंजिनिअरनं खालीच चहा पिऊन ‘सब ठीक’ लिहून सही केली. मग पाचव्या मजल्यावरचे दादाराव त्या दारातून आत शिरले. मी चौथ्यावर होते.

पाय मोडला. आरडाओरडा झाला. चौकशी बसली, आणि मला लाखेचं सील ठोकलं. चौकशी संपेपर्यंत दुरुस्ती नाही! दादारावांना खुर्चीत बसवून जिन्यानं वर नेलं. तिथेच राहिले. गुडघ्याचे व्यायाम दवाखान्यात करायचे होते, नाहीतर पाय कायमचा आखडणार होता.

त्यांचं आणि बायकोचं भांडण मला खालपर्यंत ऐकू यायचं.

“मला खाली न्या. दोषी मागाहून शोधा!”

“दुरुस्त झाली की पुरावा भंगारात,” सुभद्राबाई म्हणायच्या. “मग कोण शोधतंय?”

“तोवर माझ्या गुडघ्याचं लाकूड होईल, सुभद्रा!”

मुलगी दीप्ती वैतागली. “पापा सही हैं, आई. तू भी सही है. अब क्या करें, यार?”

शेवटी सुभद्राबाईच चौकशीच्या साहेबांना घेऊन आल्या. देवदत्तही आला. “माताजी, नया लॉक लगा देते हैं, बात ख़तम.” जुनं लॉक काढून तो पिशवीत टाकू लागला.

सुभद्राबाईंनी हात पुढे केला. “बात आत्ता सुरू होते. इकडे द्या ते.”

सगळ्या बिल्डिंगीसमोर ते लॉक डब्यात बंद झालं. माझ्यावरचं सील निघालं, डब्यावर लागलं. चौकशी डब्याची, दुरुस्ती माझी. एवढं सुचायला तुम्हाला एक माणूस घरात कोंडावा लागला.

मला दुरुस्त करा. सही करणाऱ्याला सोडू नका. दोन्ही करा, मित्रांनो. एक केलं की दुसरं विसरता तुम्ही.

नवं लॉक बसलं. दादाराव वर खुर्चीत वाट बघत होते. देवदत्त बाजूला सरकला.

“आधी तुम्ही,” सुभद्राबाई म्हणाल्या.

त्यानं दार उघडलं. पाय उचलला, थांबला, आणि वाकून खाली बघितलं.

म्हणजे बघता येत होतं त्याला.