मायक्रोवेव्हमधली माती

तीन भावांतला दुसरा, म्हणून त्याला लहानपणापासून 'मधला' म्हणत. लग्न झालं, कानांवरचे केस पांढरे झाले, तरी ते नाव काही सुटलं नाही. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर मान वर करून अंधाऱ्या पोकळीत बघायचं, दोर तपासायचे, दार कुठं अडतंय ते शोधायचं आणि संध्याकाळी घरी यायचं. घरी बायको आणि वडील. बायको चष्म्याच्या दुकानात कामाला होती. वडिलांनी सारा जन्म शाळेत भूगोल शिकवला होता. आई गेल्यावर ते आपलं घर बंद करून मधल्याकडे राहायला आले होते.

सासरे आणि सून एकमेकांशी फार चांगली वागत. इतकी चांगली की बोलतच नसत. एकाच टेबलाशी बसून बायको मधल्याला म्हणे, "बाबांना विचारा हो, चहा आत्ता घेणार का नंतर?" आणि वडील पेपरातून डोकं वर न काढता मधल्यालाच सांगत, "सूनबाईला म्हणावं, तिच्या सोयीनं." मधला मग ते पोचवायचा. दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या माणसांचे निरोप पोचवण्यात काही वेगळं आहे, हे त्याच्या लक्षातही येत नसे. भांडण नाही, आवाज नाही, आणखी काय पाहिजे?

एके संध्याकाळी बायकोनं त्याला दारातच गाठलं.

"बूट नंतर काढा. आधी इकडे या."

स्वयंपाकघरात नेऊन तिनं दार लोटलं आणि आवाज खाली आणला. "मी दूध गरम करायला मायक्रोवेव्ह उघडला. आत काय असेल?"

"काय?"

"माती."

"माती म्हणजे?"

"माती म्हणजे माती! कुंडीतली. माझ्या काचेच्या भांड्यात, वर ताटली झाकून. चांगली गरम होती, वाफ निघत होती."

"बाबांनी ठेवली?"

"नाहीतर काय, मी जेवायला केली होती?" असं म्हणून तिनं जीभ चावली. डोळ्यांत पाणीच आलं तिच्या. "मी काही बोलले नाही त्यांना. गपचूप झाकण लावलं आणि बाहेर आले. पण अहो, हे बरं लक्षण नाही. आमच्या दुकानातल्या एकीच्या सासूबाईंचं असंच सुरू झालं होतं. चपला फ्रिजमध्ये ठेवायच्या."

मधला त्या रात्री नीट जेवला नाही. वडिलांकडे बघत राहिला. ते मात्र व्यवस्थित जेवले, ताट उचलून ठेवलं आणि त्यालाच म्हणाले, "तुझी तब्येत बरी आहे ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांनी त्याला गॅलरीत बोलावलं. कुंड्यांमधल्या स्टुलावर बसायला सांगितलं. शाळेत एखाद्या मुलाला बाजूला घेऊन बोलायचे, तसा आवाज काढला.

"सूनबाईला दुकानात काम फार पडतं का रे?"

"नेहमीएवढंच. का?"

"तिला चारदोन दिवस विश्रांती दे. मी सांगतो ते तिच्यापाशी काढू नकोस, लाजेल बिचारी. परवा मी कॉफीचं पाणी तापवायला गेलो. मायक्रोवेव्ह चालू होता. आत भांडी घासायचा स्पंज गोल गोल फिरत होता. आणि ती समोर उभी राहून बघत होती, आत केक फुगत असावा तशी. मी आल्या पावली परत फिरलो."

"स्पंज?"

"हिरवा," वडील म्हणाले आणि त्यांनी मान हलवली. "माणूस थकला की असं होतं. तुझ्या आईनंही एकदा दमून चहात मीठ टाकलं होतं. पण स्पंज म्हणजे... जरा जास्तच झालं."

मधल्याला काही सुचेना. लिफ्टचं एक बरं असतं. एका वेळी एकच बिघाड धरायचा, तो सापडला की पुढचा. दोन बिघाड एकदम दिसले की समजायचं, वायरिंगमध्येच गडबड आहे. पण घराचं वायरिंग कुठं असतं? त्यानं कामावरून आल्यावर मायक्रोवेव्हचं दार उघडझाप करून पाहिलं, आतली काच पुसली, तबकडी काढून परत बसवली. यंत्र ठणठणीत होतं.

पुढचे दिवस तर विचारू नका. बायको म्हणे, "आज पाकीट होतं. पोस्टाचं जुनं पाकीट, ओलं करून ठेवलेलं. कोणाला पाठवणार होते, देव जाणे." वडील म्हणत, "आज लिंबं. दोन सबंध लिंबं, न कापता. गरम लिंबू कोण खातं रे?" एकदा वडिलांना आत लसणाच्या पाकळ्या दिसल्या, त्याही त्यांनी सूनबाईच्याच नावावर मांडल्या. जो तो मधल्याच्या कानाशी लागे, आणि सांगताना दोघांचेही चेहरे इतके कळवळलेले असत की खोटं म्हणायला जागाच नव्हती.

आणि एक दिवस बायको म्हणाली, "आज तर टॉवेल होता! ओला टॉवेल, घडी घातलेला!"

मधल्याचा हात मानेकडे गेला. टॉवेल त्याचाच होता. लिफ्टखाली वर बघून बघून त्याची मान धरली होती, म्हणून तो हात-टॉवेल भिजवून पिळायचा, मिनिटभर गरम करायचा आणि मानेवर ठेवायचा. त्या दिवशी घाईत आतच राहिला. पण हे आत्ता सांगितलं तर बायको म्हणणार, म्हणजे तुम्हीसुद्धा? आणि त्याचं तर वेगळं होतं. त्याची मान खरोखर दुखत होती.

"बघतो मी," तो म्हणाला.

त्यानं वडिलांची परीक्षा घ्यायचं ठरवलं. रविवारी चहा पिता पिता सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाबा, आज वार कोणता?"

"रविवार. म्हणून तर तू घरी आहेस."

"आणि ती... जगातली सगळ्यात लांब नदी कोणती हो?"

वडिलांनी कप खाली ठेवला. चष्मा पुसला. मग उगमापासून सुरुवात केली. लांबी मोजायची कशी यावर वाद आहेत, दुसऱ्या एका नदीचा दावा काय आहे, गाळ कुठे साचतो, मुखाशी त्रिकोण का होतो, सगळं सांगितलं. जेवायची वेळ झाली तरी ते तिसऱ्या उपनदीपाशीच होते. मधल्याचं डोकं गरगरायला लागलं. स्मरणशक्तीला काही झालं असलंच, तर ते त्याच्या स्वतःच्या.

बायकोचंही त्यानं पाहिलं. ती वेळेवर उठत होती, हिशोबानं बोलत होती, हसत होती. तिच्या हातून एक चमचाही खाली पडत नव्हता. दोघंही शहाणी होती. आणि मायक्रोवेव्हमधून रोज काहीतरी निघत होतं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे हा उभा.

शेवटी त्याला एक युक्ती सुचली. ती त्याला तेव्हा फार हुशारीची वाटली. बायकोला तो म्हणाला, "बाबांना डॉक्टरीणबाईंना दाखवू या. पण त्यांना संशय यायला नको. तू पण चल, तुझंच काहीतरी निमित्त सांगतो." वडिलांना म्हणाला, "सूनबाईला दाखवायचंय. ती एकटी यायची नाही. तुम्ही बरोबर असलात की तिला धीर येईल." दोघांनीही आपापल्या वेळी त्याचा हात दाबून म्हटलं, बरं झालं, मनावर घेतलं.

दवाखान्याच्या बाकावर तिघं ओळीनं बसली, अर्थात मधला मधे. आजवर कधी झालं नव्हतं ते त्या दिवशी झालं. बायको थेट सासऱ्यांशी बोलली. "बाबा, पाणी देऊ? पंखा लागतोय का?" आणि वडील म्हणाले, "मला नको, तू घे. घाबरू नकोस हं. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत." ती त्यांच्याकडे चमकून बघायला लागली.

आत गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी तिघांकडे पाहिलं. या बाई घरातल्या सगळ्यांना ओळखत होत्या. "बोला. पेशंट कोण?"

बायकोनं हळूच वडिलांकडे बोट दाखवलं. त्याच क्षणी वडिलांनी तिच्याकडे दाखवलं. मग दोघांनी एकमेकांचं बोट पाहिलं.

"मी?" वडील म्हणाले.

"मी?" बायको म्हणाली.

आणि दोघं मधल्याकडे वळली. त्याला पळून जावंसं वाटलं, पण दाराशी वजनकाटा होता आणि वाट अरुंद होती.

"मला काय झालंय?" वडिलांचा आवाज चढला. "स्पंज ही भाजत बसते!"

"बाबा, भाजत नाही मी. ओला स्पंज मिनिट-दीड मिनिट ठेवला की त्यातले जंतू मरतात, वास जातो. आमच्या दुकानातल्या सगळ्या घरी तसंच करतात."

वडील थांबले. "जंतू मरतात?"

"बरेचसे मरतात."

"अगं, मग मातीतलेही मरतात की! माझ्या कुंड्यांत बारीक माश्या झाल्या होत्या. बी पेरलं की रोप जमिनीलगतच कुजून पडायचं. बागेत फिरायला येणाऱ्या एकानं सांगितलं, माती ओलसर करून तापव, गार होऊ दे, मग पेर. आता रोपं बघ कशी उभी आहेत."

"ती टोमॅटोची रोपं? ती त्यामुळे आली?"

"त्यामुळेच."

"मग सांगायचं नाही का मला! मी तुम्हाला वेगळं भांडं दिलं असतं."

"तुझं स्वयंपाकघर. तुला आवडलं नसतं तर?" वडील म्हणाले. आणि जरा वेळानं, "लिंबं कशाला तापवतेस?"

"जरा कोमट केली की मऊ पडतात, रस जास्त निघतो. आणि लसूण गरम केला की सालं चटकन सुटतात. ते पाकीट?"

"जुनी तिकिटं. कागदावर पाण्याचा थेंब टाकून थोडं गरम केलं की फाटत नाहीत, अलगद सुटतात. दाखवीन तुला. माझ्याकडे बेटांची फार सुंदर तिकिटं आहेत."

डॉक्टरीणबाई हनुवटीला हात लावून ऐकत होत्या. "स्पंज कोरडा ठेवू नका हं, पेटतो," एवढंच त्या मधे म्हणाल्या. "आणि धातूची तार असलेला तर मुळीच नको."

"आणि टॉवेल?" बायकोनं विचारलं.

"कुठला टॉवेल?" वडील म्हणाले. "मी टॉवेल ठेवला नाही."

"मीही नाही."

दोघं पुन्हा मधल्याकडे वळली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं मधल्याचं झालं. त्याची नजर आपोआप जमिनीकडे गेली, आणि मान खाली घालताना अशी कळ आली की तो "आई गं" म्हणून ओरडला.

"हं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "इथे या, बसा. पेशंट सापडला."

त्यांनी मान तपासली, खांदे दाबले, रक्तदाब पाहिला आणि तो वाढलेला निघाला. काही दिवस वर बघायचं काम दुसऱ्याला द्या म्हणाल्या, मिठाला हात आवरा म्हणाल्या, व्यायाम लिहून दिले. "किती दिवस दुखतंय?" त्यांनी विचारलं. मधला म्हणाला, बरेच. "घरात सांगितलं नाही?" घरातलं सगळं तोच तर सांगायचा, इकडचं तिकडे. स्वतःचं सांगायचं कोणाला, हा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता.

परत येताना सासरा आणि सून पुढे चालत होती. मधला औषधांची पिशवी घेऊन मागे. त्यांचं बोलणं त्याला तुटक तुटक ऐकू येत होतं. "मध साखरेसारखा घट्ट झालाय, बरणी थोडी थोडी गरम करून बघू." "प्लास्टिकची नको हं बाबा." "छे, काचेचीच." मग दोघं कशाला तरी मोठ्यानं हसली. कशाला ते त्याला कळलं नाही. त्यानं विचारलं, तर बायको म्हणाली, "काही नाही हो, आमचं चाललंय."

त्यानंतर घरातले निरोप बंद झाले. सुरुवातीला मधल्याला आपल्यालाच ऐकू येईनासं झालंय असं वाटलं. टेबलाशी बसला की तो अजून सवयीनं मान वळवायचा, आता कोणीतरी काहीतरी पोचवायला देईल म्हणून. पण वडील सरळ म्हणत, "सूनबाई, चहा आत्ताच दे," आणि ती म्हणे, "पाच मिनिटं थांबा, बाबा." वडिलांच्या खोलीला कोणता रंग द्यायचा हेही दोघांनी ठरवून टाकलं. मधल्याला ते रंगारी आल्यावर कळलं.

मग बायको सकाळी वडिलांबरोबर बागेत फिरायला जायला लागली. दोघं बूट घालून, पाण्याची बाटली घेऊन निघत, आणि दार लागल्यावर मधला एकटाच घरात उरे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेले मानेचे व्यायाम करायचा. ते झाले की खुर्चीवर बसून राही. घर इतकं शांत असे की आपल्याला बरं वाटतंय का वाईट, हे त्याला काही केल्या ठरवता येत नसे.