खडकातली आई आणि निळं तीर्थ

ओहोटी लागली तशी खडकांवर ही गर्दी उसळली. मधोमध एका कपारीपाशी महाराज बसले होते. पोट गरगरीत, आवाज मात्र चार दिवसांच्या उपाशी माणसाचा.

"आत आई आहे," ते म्हणाले. "लेकरांसाठी अन्न सोडलंय तिनं. मी हाक मारली की येते."

हाक मारून त्यांनी तांब्यातलं निळसर तीर्थ कपारीत ओतलं. लगेच एक ऑक्टोपस आठही हात आपटत बाहेर आला. आधी लालभडक झाला, मग पांढराफटक पडला. लोकांनी हात जोडले. उरलेलं तीर्थ मूल नसलेल्या बायकांना मिळालं. त्या प्यायल्या आणि भडाभडा ओकल्या.

"दोष बाहेर पडतोय," महाराजांनी समजावलं.

मास्तरीणबाई दातओठ खात बघत होत्या. शाळेत विज्ञान शिकवायच्या, सुट्टीत भावाकडे आल्या होत्या. ओकणाऱ्यांत त्यांची वहिनी होती. तिची पार रया गेली होती.

घरी येताच त्यांनी भावाला गाठलं. तो आकडीनं ऑक्टोपस धरून पोट भरायचा.

"तो कशानं बाहेर येतो, हे तुला ठाऊक नाही?"

भाऊ आकडी घासत राहिला. "मोरचूद," तो शेवटी पुटपुटला. "आळशी लोक वापरायचे. बिळं ओस पडायला लागली म्हणून आम्हीच बंद पाडलं."

"आणि बायको तेच विष पितेय, ते बघत बसलास?"

"ताई, ती पिते तोवर सगळे तिच्यातच खोट शोधतात. डॉक्टरांनी मलाही तपासायला बोलावलंय. मी गेलो नाही."

मास्तरीणबाईंना महाराजांइतकीच भावाची किळस आली.

दुसऱ्या दिवशी त्या आकडी घेऊन खडकांवर गेल्या. "महाराज, आज आधी तुम्ही प्या."

"आमच्यात दोष नाहीत."

"मग बाधायचंही नाही."

महाराज आभाळाकडे बघू लागले. बाईंनी घासलेली आकडी तांब्यात बुडवली आणि थोड्या वेळानं वर काढली. लोखंडावर तांब्याचा लाल थर चढला होता.

"आता या आकडीचा कुठला दोष गेला?" बाईंनी विचारलं. "पाण्यात मोरचूद आहे. त्यातलं तांबं लोखंडावर बसतं. माणसाच्या पोटात गेलं की ओकाऱ्या होतात. ऑक्टोपसच्या अंगाची आग होते, म्हणून तो जीव घेऊन पळतो."

"पण आई खरंच काही खात नाही," एक म्हातारी म्हणाली.

"नाहीच खात, आजी. अंडी घातली की मादी त्यांच्यापाशीच बसते. त्यांच्यावर पाणी खेळवते, शिकार सोडते, आणि पिल्लं बाहेर पडली की मरते. तिची जातच तशी. कालच्या कपारीत वाकून बघा."

म्हातारीनं वाकून बघितलं. कपारीच्या छताला पांढऱ्या अंड्यांच्या माळा लोंबत होत्या, त्यांच्यावर बुरशी धरायला लागली होती. जवळ कुणी नव्हतं.

"ज्याच्याकडे लेकरं मागताय, तो रोज एका आईला लेकरांपासून हुसकावतोय."

महाराज तांब्या उचलून निघाले. बायकांनी वाट दिली नाही. तांब्यासकट त्यांना पोलिसचौकीत नेलं.

वहिनी घरी येऊन भावासमोर उभी राहिली. "दवाखान्यात चला. तपासणी दोघांची. नाहीतर मी एकटी माहेरी जाते."

भाऊ मान खाली घालून तिच्या मागे निघाला.

मूल होणं, न होणं हा शरीराचा प्रश्न आहे आणि शरीर दोघांना असतं. उत्तर दवाखान्यात विचारा. आणि कुणी काही प्यायला दिलं, तर आधी त्यात काय आहे ते विचारा. सांगायला जो कचरतो, त्याच्या हातचं पाणीसुद्धा पिऊ नका.