रेशमाची चिंधी

अंगठी एका बोटात जायची होती आणि तिच्यावर मतं मात्र घरभर होती. जेवणाचं टेबल पुसून त्यावर लॅपटॉप मांडला होता. आत्या पडद्याला नाक लावून बसली होती, आई तिच्या खांद्यावरून डोकावत होती, आणि ज्याचं लग्न ठरलं होतं तो या घरचा मुलगा, धंद्याने फोटोवाला, दोघींच्या मध्ये बसून सांगतील तिथे माउस फिरवत होता. वडील पलीकडच्या खुर्चीत एका चष्म्याचे स्क्रू आवळत होते. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं आणि उरलेलं काम ते घरी घेऊन येत. फक्त जिला अंगठी घालायची, ती तिथे नव्हती. तिला बोलवावं असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. आपल्यापैकी किती जणांच्या आलं असतं, ते ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावं.

ती रेशमी पोशाख शिवणाऱ्या एका कारखान्यात काम करायची. चणीने लहान आणि जिभेने तिखट, म्हणून तिथे सगळ्या तिला लवंगी म्हणत, आणि पुढे या घरातही तेच नाव रुळलं. त्या कारखान्यात एक रीत होती. सकाळी कापडाला हात लावण्याआधी प्रत्येकीने रेशमाची चिंधी आपल्या दोन्ही हातांवरून ओढायची. जिथे चिंधी अडेल तिथलं नख घासायचं, कातडी खरखरीत असेल तर तेल चोळायचं, अंगठी असेल तर काढून ठेवायची. मगच कामाला बसायचं. रेशमाचा एक धागा ओढला गेला की अख्ख्या पन्ह्यावर रेघ उमटते, आणि मग कितीही इस्त्री फिरवा, ती जात नाही.

म्हणूनच तिने स्वतः शोधाशोध करून एका ऑनलाइन विक्रेत्याची अंगठी फोटोवाल्याला पाठवली होती. साधी, टिकाऊ, खिशाला परवडणारी. खडा लहान, पण कोंदणात खोल बसवलेला आणि भोवती धातूची सलग कड. कुठे टोक नाही, कुठे फट नाही. विक्रेत्याने अंगठीचा बाजूने घेतलेला फोटो दिला होता, खडा बोटापासून किती वर येतो ते लिहिलं होतं, आणि पसंत पडली नाही तर परत घेऊ असंही सांगितलं होतं. लवंगीने खाली एवढंच लिहिलं होतं की ही मला रोज घालता येईल, कामावरसुद्धा.

आत्याने ती पाहिली आणि म्हणाली, "हा खडा आहे की पाकिटातली डोकेदुखीची गोळी?"

आई हसली. फोटोवालाही हसला. मग तिघांनी मिळून दुसरी पसंत केली. त्याच किमतीत चांगला टपोरा खडा, चार बारीक नख्यांनी उंच उचलून धरलेला. चार माणसांत उठून दिसेल, असं आत्या म्हणाली. तिथेच कुठेतरी बारीक अक्षरांत लिहिलं होतं की बोटाच्या मापाने घडवलेली अंगठी परत घेतली जाणार नाही. ते वाचायला कुणाला सवड होती?

आता राग कशाचा येतो ते सांगतो. आत्याला आणि आईला कळत नव्हतं, हे समजू शकतं. पण या फोटोवाल्याचं पोटच त्यावर चालत होतं! ऑनलाइन विकायच्या वस्तूंचे फोटो काढणं हा त्याचा धंदा. अंगठी मेणाच्या गोळीवर उभी करायची, कॅमेरा खाली लावायचा, खडा पडदाभर दिसला पाहिजे, आणि बाजूचा फोटो काढायचाच नाही, कारण बाजूने पाहिलं की खडा धरणाऱ्या नख्या किती बारीक आहेत ते दिसतं. त्याच किमतीत खडा मोठा हवा तर धातू कुठेतरी वाचवावा लागतो, हे त्याला पाठ होतं. आणि हा शहाणा आईचा विरस नको म्हणून मान डोलावत बसला. अशा मुलाला आपण गुणी म्हणतो, घरच्यांच्या शब्दाबाहेर नाही म्हणून कौतुक करतो. गुणी कसला, घाबरट!

अंगठी घालण्याचा छोटासा कार्यक्रम झाला. लवंगीने खडा पाहिला, मग त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याने नजर दुसरीकडे वळवली. पाहुण्यांसमोर ती काय बोलणार? कामावर ती अंगठी काढून ठेवू लागली. एक दिवस आत्या कारखान्यावरून जाता जाता तिला भेटायला गेली आणि मोकळं बोट पाहून आली. घरी येऊन तिने आकाशपाताळ एक केलं. लग्न ठरलेली मुलगी आणि बोट उघडं, लोक काय समजतील? फोटोवाल्याने लवंगीला फोन करून गयावया केली की थोडे दिवस तरी काढू नकोस, घरात उगाच कटकट होते. त्याच्यासाठी म्हणून तिने एका सकाळी चिंधी हातावरून न ओढताच काम सुरू केलं.

त्या दिवशी तिच्या हाताखाली एका नवरीच्या पोशाखाचा पुढचा भाग होता. हात वळला, नखी अडकली, धागा ओढला गेला आणि एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत रेघ पडली. नखी वाकली ती वाकलीच, खडाही निसटून मशीनखाली गेला. लवंगीने तो गुडघ्यांवर बसून शोधून काढला. कारखान्याच्या मालकीणबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी फक्त तिला रेशमाच्या टेबलावरून उठवून अस्तराच्या टेबलावर बसवलं आणि बजावलं की उद्या बोट मोकळं ठेवून येणार असशील तरच रेशमाला हात लाव.

संध्याकाळी ती तशीच या घरी आली. रुमालात बांधलेली अंगठी आणि सुटा खडा तिने टेबलावर ठेवला आणि काय झालं ते सांगितलं. आवाज न चढवता, पण तिचे कान लाल झाले होते. आत्या म्हणाली की लग्नानंतर कशाला हवंय ते दिवसभर वाकून टाके घालणं, सोडून दे. सगळ्यांनी फोटोवाल्याकडे पाहिलं.

"आत्या म्हणते त्यात अगदीच चूक नाहीये," तो म्हणाला. "अस्तराचं कामही कामच आहे ना? तिथे अंगठी अडणार नाही."



"मी अस्तरापासूनच सुरुवात केली होती," लवंगी म्हणाली. "तिथून रेशमापर्यंत यायला मी काय काय केलं, ते तुला सगळं सांगितलंय. तू तेव्हा कौतुकाने ऐकत होतास. आणि आज या नख्यांसाठी मला परत तिथे बसवतोयस. अंगठी कामाच्या आड येते, तर काम बदलायचं?"

वडिलांनी हातातला चष्मा खाली ठेवला. इतके दिवस या विषयावर त्यांनी तोंड उघडलं नव्हतं.

"मी जन्मभर चष्मे विकतोय," ते म्हणाले. "फ्रेम बसली नाही तर वाकवली, बदलली, दुसरी मागवली. पण कुठल्या गिऱ्हाइकाला असं म्हटलं नाही, की जा, नाक बदलून या."

आत्या पुटपुटली, "दादा, अरे मी तिच्या भल्यासाठीच..."

"भलं तिचं होतं, तर तिला विचारायला काय झालं होतं?" मग ते मुलाकडे वळले. "आणि तू. बाहेरच्यांना फसवायचे तुला निदान पैसे मिळतात. घरच्यांना फुकट फसवलंस."

लवंगीने पर्स खांद्याला लावली. "ही अंगठी इथेच राहू दे," ती म्हणाली. "उद्या मी मोकळ्या बोटाने रेशमावर बसणार आहे. अंगठीवाचून माझं काही अडत नाही. मला न विचारता माझं ठरवणारा नवरा मिळाला, तर मात्र सगळंच अडेल. तू ठरव तुला कोण व्हायचंय."

ती गेली. कुणी तिला थांबवलं नाही, थांबवायला तोंड कुणाला होतं? फोटोवाल्याने सवयीने अंगठी उचलली आणि डोळ्यांसमोर धरली, पण या वेळी बाजूने. ज्या बाजूचा फोटो तो कधीच काढत नसे, ती बाजू. किती उंच आणि किती तकलादू होती ती! त्याला स्वतःची लाज वाटली, आणि ती वाटायलाच हवी होती. आई शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "तिने पाठवलेली ती गोळी परत दाखव रे मला." मग नीट बघून म्हणाली की हसायला नको होतं.

विक्रेत्याने मोडकी अंगठी परत घेतली नाही, ती आत्याच्या कपाटात गेली. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत फोटोवाला कारखान्याच्या दारात जाऊन उभा राहिला. माफी मागितली आणि मोबाइल तिच्या हातात देऊन म्हणाला की तूच मागव, मी मध्ये बोलणार नाही. लवंगीने त्याला लगेच माफ केलं असं नाही. अंगठी मागवली, पण महिनाभर त्याच्याशी जेवढ्यास तेवढंच बोलली. दरम्यान त्याने फोटोंचं काम देणाऱ्या आपल्या साहेबांना सांगितलं की यापुढे प्रत्येक अंगठीचा बाजूचा फोटोही काढणार, नाहीतर काढणारच नाही. साहेबांनी अंगठ्या दुसऱ्याकडे दिल्या. हल्ली तो चमचे आणि डबे यांचे फोटो काढतो, आणि झोप चांगली लागते म्हणतो.

नवी अंगठी आली त्या दिवशी सगळे पुन्हा त्याच टेबलाभोवती जमले, या वेळी लवंगीसकट. तिने अंगठी बोटात घातली, पर्समधून रेशमाची चिंधी काढली आणि खड्यावरून ओढली. चिंधी न अडता पलीकडे गेली. आत्याने हळूच आपला हात पुढे केला आणि लवंगीने तिच्या अंगठीवरून चिंधी ओढली. ती लगेच अडकली. आत्या त्या अंगठीकडे पाहत राहिली.

मग लवंगी फोटोवाल्याला म्हणाली, "आता तुझे हात." त्याच्या अंगठ्याच्या नखाशी चिंधी अडली.

"घासून ये," ती म्हणाली. तो निमूट उठला आणि कानस शोधायला गेला.

तुमच्या घरीही कधीतरी असा लॅपटॉप टेबलावर मांडला जाईल. खडा केवढा दिसतो हे पाहण्याआधी तो हात दिवसभर काय करतो ते विचारा. कोंदण मजबूत आहे का, बाजूचा फोटो आहे का, परत घेतात का, हे वाचा. आणि सगळ्यात आधी, जिच्या बोटात ती जाणार आहे तिला खुर्ची द्या. जी वस्तू हाताला बसत नाही ती बदलता येते. त्या वस्तूसाठी बाईचं काम, तिची जागा, तिचा हातच बदलायला सांगाल, तर तुम्ही तिला अंगठी घालत नाही आहात, बेडी घालत आहात.