पोरींचं नाक संस्थेचं नाही

माघ सरता सरता बेसा गावातल्या मुलींच्या वसतिगृहात तापाची साथ शिरली आणि पहिलं बोट उठलं ते रेक्टर गोपिकाताईंवर. दिवाळीआधी पालकांची मनं वळवून पोरींना फ्लूची लस त्यांनीच टोचून घ्यायला लावली होती. आता निम्म्या पोरी अंथरुणाला खिळल्या होत्या आणि काटोलची मिनल दवाखान्यात ऑक्सिजनवर होती. मिनलची आई भांडली नाही. फोनवर एवढंच म्हणाली, "ताई, तुमच्या भरवशावर टोचली होती."

ते बोल गोपिकाताईंच्या जिव्हारी लागले. त्या तडक हुडकेश्वरला, लस देणाऱ्या डॉक्टर वैदेहीच्या दवाखान्यात गेल्या.

"पोरी तं आजारी पडूनच राहिल्या. मंग सुई काहून टोचली?"

वैदेहीने सारवासारव केली नाही. दोघी-तिघींच्या तपासणीत फ्लूचा, म्हणजे इन्फ्लुएंझाचा, 'बी' प्रकार निघाला होता. लसीत कोणते विषाणू घालायचे हे हंगामाच्या कितीतरी आधी ठरतं, तोवर ते रूप पालटू शकतात. इथेही तसंच झालं असेल किंवा नसेलही, कारण जुळलेली लससुद्धा प्रत्येकाला वाचवत नाही. खरं काय ते पोरींच्या नाकातले आणखी नमुने मोठ्या प्रयोगशाळेत गेल्यावरच कळणार. असे नमुने गावोगावहून जमतात, तेव्हाच पुढची लस जुळवता येते. पण वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेने तिला आत पाय ठेवायला मनाई केली होती.

हे गोपिकाताईंना ठाऊकच नव्हतं. त्या सचिव मधुसूदनरावांकडे गेल्या. त्यांनी गोड शब्दांत समजावलं की प्रवेशाचे दिवस तोंडावर आहेत, साथीचा बोभाटा परवडणार नाही, ताप काय, आपोआप उतरतो. रेक्टरने रेक्टरसारखं राहावं.

"तसंच राहून राहिली मी, साहेब," गोपिकाताई म्हणाल्या. "पोरींचं नाक संस्थेचं नाही. मी त्यांच्या मायबापाले विचारीन."

त्यांनी घरोघरी फोन लावले. काहींनी नकार दिला, त्यांच्याशी त्या वाद घालत बसल्या नाहीत. सगळ्यात आधी होकार दिला तो मिनलच्या आईने; तिचा नमुना दवाखान्यातच घ्यायचा ठरला.

फाटकावर डॉक्टरला अडवायचा हुकूम होता. पोरींना बाहेर पडायला मात्र कुणी बंदी घातली नव्हती. ज्यांना चालवत होतं त्यांना मास्क लावून गोपिकाताईंनी रस्त्यापलीकडच्या कडुनिंबाखाली नेलं. तिथे वैदेही नमुने घ्यायच्या तयारीत उभी होती. मधुसूदनराव धावत आले आणि नोकरी जाईल म्हणाले. गोपिकाताईंनी मागे वळून पाहिलं नाही. "मान वर कर वं," त्या पुढच्या पोरीला म्हणाल्या. सकाळपासून त्यांचंही अंग तापलेलं होतं. शेवटी त्या स्वतः मान वर करून उभ्या राहिल्या.

मिनल वाळून काडी झाली, पण घरी परतली. उन्हाळ्यात अहवाल आला. विषाणू 'बी' प्रकारचाच होता, पण लसीतल्यापासून बराच दूर सरकलेला. तोवर गोपिकाताईंची नोकरी गेली होती आणि त्या हुडकेश्वरला खोली करून राहत होत्या.

पुढच्या दिवाळीआधी नवी लस आली. वसतिगृहात लसीकरण होणार नाही, असं मधुसूदनरावांनी जाहीर केलं. गोपिकाताईंनी पुन्हा फोन लावले.

"यंदा तरी जुळन काय, ताई?" मिनलच्या आईने विचारलं.

"खोटं नाही सांगत, बाई. खात्री कोणीच देऊ शकत नाही. नाही जुळली तं पुन्हा नमुने देऊ."

रविवारी मिनल आणि तिची आई काटोलच्या बसने आल्या. वैदेहीच्या दवाखान्याबाहेर आणखीही मायलेकी उभ्या होत्या. गोपिकाताई आत गेल्या, खुर्चीवर बसल्या आणि सगळ्यांदेखत त्यांनी बाही वर सारली.