पहिल्या ठोक्याची वाट

मी तुतुआ बोलतोय. तुतुआ म्हणजे साल ठोकायचा ओंडका. आमच्या वावाऊ बेटावर लग्नात जे सालीचं कापड अंथरतात आणि मयतावर जे पांघरतात, ते आधी माझ्या पाठीवर मार खातं.

ऑकलंडहून व्यवसाय-व्यवस्थापन शिकून आलेल्या लेसिएलीला वाटलं होतं, मी नीरफणसाच्या सावलीत असेन, दोन्ही अंगांना बायका बसलेल्या असतील आणि माझा आवाज तिला धक्क्यावरूनच ऐकू येईल. तिला मी सापडलो तो तिच्या आत्याच्या कुंपणातल्या भगदाडात. रताळ्यांत डुकरं शिरू नयेत म्हणून मला तिथे आडवा टाकला होता. एक डुकरीण माझ्या पाठीला अंग घासत होती.

"आत्या, हा इथे?"

"मग काय देव्हाऱ्यात ठेवू? निदान काम तरी करतोय," वाइमोआना म्हणाली. "बायका आळसावल्या गं. लग्नात दुकानातल्या चादरी देतात हल्ली."

वाइमोआनाच्या नवऱ्यानं मला घडवलं. पाठ तासून सपाट केली, पोट खालून कोरलं, म्हणून तर माझा आवाज घुमतो. तो बोटीवर गेला तो परत आला नाही. तेव्हापासून माझ्या टोकाशी वाइमोआना बसायची. पहिला ठोका तिचा. मग बाकीच्यांच्या लाकडी मोगऱ्या सालीवर पडायच्या, एकामागून एक, एकमेकींना न अडवता.

कोणाला कुठे बसवायचं हे ती कधी बोलून दाखवत नसे. भांडून आलेलीला हसऱ्या बाईसमोर बसवायची. थकलेलीचा हात जड झाला की स्वतःचाच ठोका हळू करायची. सगळ्यांचा वेग आपोआप उतरायचा. ठोके जुळलेले असले की ते कोणी जुळवले, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. एक चुकला की अख्ख्या गावाला कळतं. आमचं कापड नेइआफू बंदराच्या बाजारात जायचं आणि बायका मानानं हसत परत यायच्या.

मग एकेक जागा रिकामी होत गेली. का, ते मला ठाऊक होतं, पण लाकडाला कोण विचारतं?

लेसिएली घरोघर फिरली. प्रत्येकीच्या चटईवर बसून तिनं सांगितलं, की धंदा पुन्हा उभा करू, आपलं कापड ऑकलंडपर्यंत पाठवू. शेवटी ती पिसिलाकडे गेली; तीही पूर्वी माझ्यापाशी ठोकायला बसायची. पिसिलाचं घर कुंपणापलीकडेच, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"ते तुझं व्यवस्थापन म्हणजे असतं तरी काय?" पिसिलानं विचारलं.

"माणसांना सोबत घेऊन, त्यांच्याकडून काम करून घेणं."

"म्हणजे तू स्वतः काही करायचं नाही."

लेसिएली हसली. "तसंच वाटतं लांबून. पिसिलाआक्का, तुम्ही का सोडलंत ते सांगा ना."

पिसिला कंदाची सालं काढत बोलू लागली. "आम्ही पाळीनं कापड करायचो. या खेपेला हिचं, पुढच्या खेपेला तिचं. पण तुझ्या आत्याकडे कधी धर्मगुरू यायचे, त्यांना कापड द्यायचं, कधी पुतण्याचं लग्न निघायचं. पाळी फिरून तिच्याच दारात. माझ्या थोरलीचं लग्न झालं ते चादरींवर. सासरच्यांनी त्या मोजल्यासुद्धा नाहीत, नुसत्या बाजूला सरकवल्या. आता दोन आठवड्यांनी धाकटीचं आहे."

"आत्याला सांगितलं का नाही?"

"तिला? तू सांगशील?"

भावाच्या मुलीनं आत्यापुढे मान वर करायची नाही, हे आमच्याकडे मूल पाळण्यातच शिकतं. परदेशात लेसिएली बेत आखायला शिकली होती, माणसं निवडायला, काम वाटून द्यायला. पण ज्या बाईशिवाय कामाला ताल नाही आणि जिच्यामुळे काम बंद पडलं, ती बाई एकच असेल तर काय करायचं?

संध्याकाळी ती आत्याच्या उंबऱ्याशी, जमिनीवर बसली. खाली पाहत म्हणाली, "आत्या, पहिलं कापड पिसिलाआक्काचं करू. तुमची पाळी शेवटी ठेवू."

"पुस्तकात असं लिहिलंय?"

"नाही. बायका म्हणतात."

"बायका मला नाही म्हणाल्या कधी."

"तुम्हाला कोण म्हणणार, आत्या?"

वाइमोआना उठली. भाजलेल्या माशाचं ताट तिनं पुतणीपुढे सरकवलं आणि स्वतः न जेवता आत गेली. चटईवर बसल्याचा आवाज आला, आडवी झाल्याचा आला नाही. मला आठवलं, नवरा गेल्यावर पहिल्यांदा ती माझ्यापाशी आली होती ती ठोकायला नव्हे, नुसती हात ठेवायला. गावानं तिला मान दिला, पण शेजारी बसून कोणी तिला खरं सांगितलं नाही. तिलाही ते मागता आलं नाही.

आज सकाळी लेसिएली चार बायका घेऊन आली. भगदाडात तिनं आधी नारळाची झावळी अन् दगड रचले, डुकरांसाठी. मग सगळ्यांनी मला उचललं. वाइमोआना दारात उभी होती.

"आत्या, याला पिसिलाआक्काच्या अंगणात नेतेय," लेसिएली म्हणाली. "कामाचा बेत मी पाहीन, पाळीही मीच लावीन. ताल तुमचा. टोकाची जागा तुमची आहे, तिथे मी बसणार नाही, दुसरी कोणी बसणार नाही. तुम्ही येईपर्यंत कोणी मोगरी उचलायची नाही, असं ठरवलंय मी."

"अगं, अन् नाहीच आली तर?" पिसिला कुजबुजली. "माझ्या पोरीचं लग्न..."

"तर मी रोज येऊन बोलावीन."

आता मी पिसिलाच्या अंगणात आहे. दोन्ही बाजूंना बायका बसल्यात, भिजवलेली साल माझ्या पाठीवर पसरलीय, गार, ओली, किती दिवसांनी. मोगऱ्या मांडीवर आहेत. टोकाची चटई रिकामी आहे आणि सगळ्या तिकडे न पाहिल्यासारखं करतायत.

वाइमोआना, कुंपण फार उंच नाही. तुझ्या हाताचा मार खाण्यासाठीच मला घडवलंय. ये बाई, एक ठोका दे.